आईवडिलांचा फ्लॅट नावावर येतोय, टॅक्स किती बसेल?

आधी ज्याची भीती असते ते संपवू. आईवडिलांकडून वारशाने फ्लॅट, जमीन, एफडी, सोनं, शेअर काहीही आलं तरी भारतात ते मिळाल्याबद्दल टॅक्स नाही, मृत्युपत्राने आलं काय नि मृत्युपत्राशिवाय आलं काय. पूर्वी १९५३ पासून इस्टेट ड्यूटी होती, ती १९८५ मध्ये बंद झाली. २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि फॅमिली ग्रुपवर नुसता धुरळा उडाला, पण तसा कायदा काही झालेला नाही.

मग सीए कशाला लागतो? कारण टॅक्स लागतो तो नंतर, त्या मालमत्तेतून उत्पन्न सुरू झालं की आणि ती विकली की. आणि विकताना किती लागणार हे ठरतं बाबांच्या जुन्या फायलीवरून, त्यामुळे घर आवरताना कपाटातली कागदं रद्दीत घालू नका बाबांनो! जुनं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ग्रिल-टाइल्सची बिलं नाही पण खोली वाढवली असेल तर त्याचा खर्च, सगळं एका फोल्डरमध्ये.

का ते बघा. समजा कोथरूडचा फ्लॅट बाबांनी १९९२ ला अडीच लाखाला घेतला आणि आता तुम्ही तो १ कोटी १० लाखाला विकताय. तुम्हाला फुकट मिळाला म्हणून किंमत शून्य धरत नाहीत, आणि वारले त्या दिवसाचा बाजारभावही धरत नाहीत (हा गैरसमज फार आहे), बाबांची खरेदी किंमत हीच तुमची किंमत. पण खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो, फक्त तो त्या वेळच्या सरकारी दराच्या वर जाता कामा नये. रजिस्टर्ड व्हॅल्युअरने तो ८ लाख काढला तर नफा १ कोटी २ लाख, साडेबारा टक्क्यांनी टॅक्स पावणेतेरा लाख, वर सरचार्ज (जास्त उत्पन्नावरचा अधिभार) आणि सेस. अडीच लाखच धरले असते तर जवळजवळ ६९ हजार जास्त गेले असते. जुन्या घरांना इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) लावून २० टक्के असाही एक पर्याय आहे, तोही काढून बघायला सांगा, या उदाहरणात मात्र तो महाग पडतो. तुम्ही दोन भावंडं असाल तर नफा अर्धा अर्धा, प्रत्येकाने आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचा, आणि नवीन घर घेऊन किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे बॉंड घेऊन टॅक्स वाचवायची सवलतही प्रत्येकाला वेगळी.

हवेली-मुळशीकडे शेतजमीन असेल तर गणित वेगळं. खरी ग्रामीण शेतजमीन विकली तर कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स, लागतच नाही, पण पुण्यासारख्या मोठ्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आत असेल तर लागतो. आणि २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पालिकेत आल्यावर ही हद्दच पुढे सरकलीये, म्हणून आजोबांच्या काळातलं "आपली जमीन गावात आहे" यावर विसंबू नका, मोजून घ्या.

आता ज्यांचं निधन झालं त्यांचं रिटर्न. १ एप्रिल ते मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न बाबांच्या पॅनवर, त्यानंतरचं एफडीचं व्याज आणि भाडं वारसाच्या नावावर. इन्कम टॅक्स पोर्टलवर लीगल हेअर (कायदेशीर वारस) म्हणून नोंद करून त्यांचं रिटर्न भरता येतं. त्यांची जुनी थकबाकी निघाली तरी तुमची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, स्वतःच्या पगारातून भरायची नाही. आणि एटीएमचा पिन माहितीये म्हणून खात्यातून पैसे काढत बसू नका, प्लीज, पुढे बहीणभावांत त्यावरूनच वाद होतात.

नावं कोणाची लागणार हे तर टॅक्सच्याही आधीचं. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी आहे म्हणजे मालक झाला असं नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले तर आई, मुलगे, मुली यांना सारखा वाटा, आणि आजी हयात असेल तर तिलाही, हे बरेच जण विसरतात. बहिणीला वाटा नको असेल तर हक्कसोड पत्र रजिस्टर करायचं, नुसत्या स्टॅम्प पेपरवर सही करून भागत नाही. मोबदला न घेता केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, पैसे घेऊन केलं तर तो व्यवहार विक्रीसारखा धरला जाऊ शकतो आणि तिच्यावर टॅक्स येऊ शकतो. (बहिणी सही करणारच हे गृहीत धरणं आता बंद करायला हवं, असं माझं मत.) पुण्यात मृत्युपत्राला प्रोबेट (कोर्टाकडून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब) सक्तीचं नव्हतंच, ती भानगड मुंबईची होती, तीही २०२५ मध्ये संपली. नाव लावायला प्रॉपर्टी कार्डासाठी सिटी सर्व्हे ऑफिस, सातबाऱ्यासाठी तलाठी, आणि पालिकेच्या मिळकतकराला नाव बदलताना ४० टक्के सवलत चालू राहतेय ना तेही बघा, स्वतः राहत असाल तर पीटी-३ फॉर्म.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर अजून एक. तिकडच्या रहिवाशाला इकडच्या वारशातून वर्षात १ लाख डॉलरच्या वर मिळालं तर टॅक्स नाही पण तिकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो, उशीर झाला तर दंड जबर. आणि उलटं म्हणजे, बाबांनी अ‍ॅपवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेतले असतील तर सावध, कारण परदेशी माणसाच्या नावावर ६० हजार डॉलरच्या वर तिकडची मालमत्ता असेल तर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागतो, वरचा दर ४० टक्क्यांपर्यंत, आणि त्याबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही. आईवडील हयात असतील आणि असे शेअर असतील तर हे आत्ताच त्यांच्याशी बोलून घ्या.