कोंबड्याचा रोजचा आहार

खानदेशात घरच्या कोंबड्यापुढे मूठभर ज्वारी-बाजरी टाकली की भागते असे मानले जाते. परंतु नुसत्या दाण्यावर प्रथिने व जीवनसत्त्वे कमी पडतात. प्रौढ कोंबड्याला जातीनुसार दिवसाला साधारण १०० ते १३० ग्रॅम खाद्य लागते. त्यात सुमारे १५ टक्के प्रथिने असलेले तयार खाद्य मुख्य ठेवावे, संध्याकाळी थोडा भरडलेला मका आणि जोडीला मेथी किंवा शेवग्याचा पाला द्यावा.

अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य मात्र त्याला कायम देऊ नये, कारण त्यात कॅल्शियम जवळपास ४ टक्के असते, कोंबड्याला १ टक्का पुरेसे होते आणि जास्तीचा भार मूत्रपिंडांवर पडतो. कपाशीच्या या पट्ट्यात सरकी सहज हाताशी येते. तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य अपायकारक असल्याने ती कटाक्षाने टाळावी. बारीक खडे मात्र त्याला मिळायलाच हवेत, पोटात दाणा त्यांनीच दळला जातो. मे महिन्यात पाणी सावलीत ठेवून दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

दाणा दिसला की कोंबडा कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो आणि स्वतः मागे राहतो, म्हणून अधूनमधून त्याच्या छातीचे हाड चाचपावे. ते धारदार लागल्यास तो हडकला आहे असे समजून त्याला वेगळे खाऊ घालावे.