माहिती गोल गोल फिरतेय का, हे कसं ओळखायचं

एखादी गोष्ट पाच ठिकाणी दिसली म्हणून खरी मानू नका, आधी ते पाचही एकाच ठिकाणाहून उचललेत का ते बघा. २००८ मध्ये कोणीतरी विकिपीडियावर कोआटी या प्राण्याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात असं मनानेच टाकलं, ते वाचून ब्रिटिश पेपरांनी छापलं, आणि मग तेच छापलेलं विकिपीडियावर पुरावा म्हणून लागलं! म्हणून सगळ्यात आधी तारखा बघायच्या. विकिपीडियाच्या पानावर 'इतिहास' उघडा, ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते शोधा, आणि दिलेला सोर्स त्यानंतरचा असेल तर तो पुरावा धरूच नका, त्याआधीचं काही सापडतंय का बघा, हे काम कंटाळवाणं आहे पण करायलाच हवं.

व्याख्याही अशीच गोल फिरतेय का, हे ओळखणं सोपंय, शब्दाच्या जागी त्याची व्याख्या टाकून वाचा, तोच शब्द फिरून परत आला की काही सांगितलेलंच नाही.

वादात मात्र समोरच्याला सरळ विचारा, तुझा मुद्दा मी अजून मानलेला नाही, तरी हे कारण मला पटेल का? 'तो खरं बोलतो, कारण तो स्वतःच तसं म्हणतो' हे इथेच अडकतं.