पहिली करवत घेताना

गणपतीसाठी फणसाचा पाट घरीच करायचा असं ठरवलं आणि कुडाळच्या बाजारातून करवत आणली. 18 इंची, पातं चांगलं रुंद. पाटाखालचे दोन पट्टे कापले, ठोकले, आणि पाट डुगडुगायला लागला. शेजारचे सुतारकाका बघून म्हणाले, "गो बाय, ही वासे कापूची करवत. पाटाक कित्याक घेतलंस?"

त्या करवतीला इंचाला 7 दात होते. वाशाला ते बरे, काम भराभर उरकतं. अर्ध्या-पाऊण इंची फळीच्या कडा मात्र उचकटतात. पाट, देव्हारा, फोटोची चौकट एवढंच करायचं असेल तर 10 ते 12 इंची टेनन सॉ मागा, इंचाला 12 ते 14 दातांची. तिच्या पाठीवर पितळेची नाहीतर पोलादाची जाड पट्टी असते, त्यामुळे पातं लचकत नाही. पण तीच पट्टी लाकडाला टेकली की करवत अडते, म्हणून लांब फळी उभी चिरायला ही चालत नाही. ते काम मी अजून काकांकडेच देते.

दुकानात दात वर करून, एक डोळा मिटून, मुठीकडून टोकापर्यंत बघा. कुठेही लाट दिसली तर परत ठेवा. दुकानदार काहीही म्हणो. मग दात बघा: एक डावीकडे, एक उजवीकडे झुकलेला हवा. या फाकेमुळे पातं लाकडात अडकत नाही. एका बाजूची फाक जास्त असेल तर करवत त्या बाजूला ओढते. माझी उजवीकडे पळायची; काकांनी त्या बाजूने धारेचा दगड आडवा धरून हलकेच एकदा फिरवला, सरळ झाली. दातांची टोकं निळसर काळी असतील तर ती कडक केलेली असतात. बरेच दिवस टिकतात, पण बोथट झाली की त्यांच्यावर कानस चालत नाही. जवळपास दातांना धार लावून देणारा सुतार असेल तर साधे दातच घ्या.

जपानी करवत ओढताना कापते, पातं पातळ, रेघ सुरेख येते. फणसाच्या गाठीत जरा वाकडी झाली की मात्र दात तुटतो. माझे 2 गेले.

घरी आणल्यावर टाकाऊ तुकड्यावर गुण्या (काटकोन बघायची सुताराची पट्टी) लावून चारी बाजूंनी चाकूने रेघ मारा. तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवून कापा. कापलेले तुकडे टेबलावर भिडवा, मग एक पालथा करून पुन्हा भिडवा. काप तिरका असेल तर तो दुप्पट होऊन फटीत दिसतो. माझ्या पहिल्या फटीत पोस्टकार्ड शिरलं होतं.

पावसाळ्यात वापरून झाली की पिवळा भुसा झटका आणि पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवा. आमच्याकडे आषाढात दोन दिवस उघडी राहिली तरी तांबेरते.