शिवाजी विद्यापीठात नव्यानं येताय? वर्गाबाहेरचं विद्यापीठ कसं सापडतं ते सांगते

ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की गावाकडच्या ज्युनिअर पोरापोरींचे मला फोन येतात आणि प्रश्न सगळे हॉस्टेल, मेस, सिलॅबस आणि नेट-सेटचे असतात. विचारायलाच पाहिजेत ते. पण मधूनच एखादी हळू आवाजात विचारते की ताई, तिथं ते युवा महोत्सव, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) वगैरे असतं ना, आपल्याला घेतील काय त्यात? ह्या "घेतील काय"चंच उत्तर मला नीट लिहून ठेवायचंय, कारण कितीतरी चांगली पोरं हा प्रश्न कुणाला न विचारताच दोन वर्षं काढतात आणि डिग्री घेऊन परत जातात.

मी भुदरगड तालुक्यातली, केमिस्ट्रीत एमएस्सी केली, गाणं येत नाही, नाच येत नाही, स्टेजवर उभं राहायची आवड नाही. तरीही विद्यापीठातले माझे सगळ्यात जवळचे लोक लॅबमधले नाहीत, वर्गाबाहेर भेटलेले आहेत. तर उत्तर असं की घेतात, नक्की घेतात, फक्त आत शिरायचा रस्ता वेगळा आहे. कला दाखवायला गेलात तर ऑडिशन असते, आणि काम मागायला गेलात तर कुणीच नाही म्हणत नाही. कुठल्याही ग्रुपला सामान उचलणारा, यादी करणारा, वेळेवर येणारा माणूस कायम कमीच पडत असतो.

आणि कोल्हापूर हे बाहेरगावच्या पोरांना सामावून घेणारं गाव आहे हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तो इथला इतिहासच आहे. १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, दसरा चौकातनं चालत गेलात तर त्यातल्या काही इमारती आजही दिसतात. १९६२ ला विद्यापीठ झालं, आज ते कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या तीन जिल्ह्यांसाठी आहे, म्हणजे जतचा, माणचा, चंदगडचा, शिराळ्याचा पोरगा एकाच बाकावर. तुमच्यासारखंच बावरलेलं दुसरं कुणीतरी शेजारी बसलेलंच असतं, त्यामुळं मी एकटाच खेड्यातला हे मनातनं काढून टाका.

आता शोधायचं कुठं. नोटीस बोर्ड बघा म्हटलं की पोरं हसतात पण बघाच, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारी नोटीस कुणीतरी फॉरवर्ड केली तरच येते आणि बऱ्याचदा मुदत संपल्यावर येते. प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये आणि कॉलेजमध्ये एका सरांकडं किंवा मॅडमकडं सांस्कृतिकची जबाबदारी असते, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी असतात, आणि ह्या सगळ्याच्या वर विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग असतो. पहिल्या पंधरवड्यात ह्या लोकांना समोरासमोर भेटून नाव आणि नंबर देऊन या. "सर, मला काम करायचंय, काय असलं तर सांगा" एवढंच बोलायचं. मी हे असंच केलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात मला निरोप आला होता.

युवा महोत्सवाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आधी जिल्हा पातळीवर होतो, तिन्ही जिल्ह्यांचा वेगवेगळा, मग मध्यवर्ती, आणि तिथनं निवडलेली मुलं राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य'ला आणि पुढं पश्चिम विभागाला, तिथं जिंकली तर राष्ट्रीय महोत्सवाला जातात. लोकांना वाटतं म्हणजे नुसतं नाचगाणं. पण तिथं वक्तृत्व आहे, वादविवाद आहे, तिघांच्या टीमची प्रश्नमंजुषा आहे, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम, कात्रणकाम, मूकनाट्य, नकला, लोकवाद्यवृंद असं कितीतरी आहे. गावच्या भजनात मृदंग किंवा मिरवणुकीत हलगी वाजवणारा पोरगा माझं क्वालिफिकेशन काय म्हणून मागं बसतो आणि लोकवाद्यवृंदाला नेमका तोच पाहिजे असतो. कुंभारवाड्यातल्या मुलीला मातीकाम कुणी शिकवायची गरज नसते, तिला फक्त अशी स्पर्धा असते हे कुणीतरी सांगायला पाहिजे. म्हणून नोटीस लागली की कलाप्रकारांची यादी पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत.

मी स्वतः लघुनाटिकेच्या बॅकस्टेजला होते. दहा मिनिटांचा प्रकार, स्टेजवर जास्तीत जास्त सहा जण, आणि त्या दहा मिनिटांसाठी महिनाभर तालमी. माझ्याकडं प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची ट्रंक होती. तिच्या झाकणाला आतनं एक कागद चिकटवलेला, त्यावर एंट्रीच्या क्रमानं सगळ्या वस्तू लिहिलेल्या, काठी, कंदील, सरपंचाचा फेटा, दोन कप, एक फाटकं रजिस्टर, आणि प्रत्येकीसमोर ती कुठल्या विंगेतनं कुणाच्या हातात जाणार ते. तालमीत कुणी काठी चुकीच्या बाजूला ठेवली तर पुढची एंट्री अडायची, मग दिग्दर्शक पोरगा ओरडायचा आणि सगळं पहिल्यापासनं. ह्यातनं मी जे शिकले ते मला आज कंपनीच्या लॅबमध्ये रोज उपयोगी पडतं, कुठली वस्तू कुठं, कुणाकडं, कितीला, हे लिहून चिकटवायची सवय मला तिथनंच लागली. आणि बॅकस्टेजवाल्याला एक मोठा फायदा असतो, तो सगळ्यांशी बोलतो. नट आपल्या भूमिकेत असतो, पण प्रॉपर्टीवालीला लाईटवाल्यापासून ते हॉलची किल्ली असणाऱ्या शिपाईमामांपर्यंत सगळे ओळखतात.

नाटकाचं वेड खरंच असेल तर महोत्सवापुरतं थांबू नका, एकांकिका स्पर्धा कोल्हापुरात होत असतात, पुरुषोत्तम करंडकाचं केंद्रही इथं असतं, ते बघायला तरी जाच. केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली तेव्हा आमच्या ग्रुपमधली नोकरीला लागलेली पोरं फोनवर रडत होती, ह्यावरनं ह्या गावात नाटक किती आत गेलेलं आहे ते समजून घ्या.

आता एनएसएस. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, हा त्याचा हिशोब. पोरं ग्रेस मार्कासाठी किंवा आता नवीन शैक्षणिक धोरणात को-करिक्युलरचे क्रेडिट असतात त्यासाठी नाव घालतात, घाला की, त्यात काय वाईट नाही. पण शिबिराला जा आणि पूर्ण सात दिवस राहा. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री कार्यक्रम. आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यात माती-वाळू भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं, आणि मग साखळी करून एकेक पोतं ओढ्यात उतरवायचं. पोतं गच्च भरलं तर उचलत नाही आणि कमी भरलं तर पाण्यात बसत नाही, हे गावातल्या एका आजोबांनी सांगितलं तेव्हा आमच्यातली इंजिनिअरिंगची पोरं गप ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पाणी वर चढलेलं बघून जो आनंद झाला तो मला कुठल्या रिझल्टला झाला नाही.

आणि २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, गावं पाण्यात. आम्ही जे विद्यार्थी शहरात होतो ते मदत केंद्रावर सामान लावत होतो. ट्रकनं कपडे येत होते, बिस्किटं येत होती, आणि बायका दबक्या आवाजात पॅड आहेत काय विचारत होत्या, ते कुणी पाठवलेच नव्हते. मग आम्ही मुलींनी वेगळी यादी करून ती वरपर्यंत पोचवली. पाणी उतरल्यावर शिरोळकडं साफसफाईला गेलो तेव्हा घराघरात गुडघाभर चिखल, कणग्यातलं धान्य कुजून त्याचा वास, आणि पत्र्यावर वाळत घातलेली पोरांची पुस्तकं. तिथं मला एक गोष्ट कळली की गावाची यादी करताना गावाबाहेरची वस्ती आणि भाड्यानं राहणारे लोक हमखास सुटतात, म्हणून यादी घेऊन आधी गावाच्या कडेला जायचं आणि मग आत यायचं. ही अक्कल पुस्तकात मिळाली नसती, आणि मला अजूनही वाटतं की आमच्या बॅचमधल्या प्रत्येकानं निदान एक दिवस तरी तिथं यायला पाहिजे होतं.

एनसीसीचं थोडक्यात सांगते कारण मी त्यात नव्हते. पदवीला असाल तर पहिल्याच वर्षी नाव घाला, नंतर 'सी' सर्टिफिकेटपर्यंत पोचायला वेळ उरत नाही, आणि ते चांगल्या ग्रेडनं असेल तर सैन्यात अधिकारी व्हायला एनसीसी स्पेशल एंट्री असते, लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत. खेळाचं तर कोल्हापुरात काय सांगायचं, फुटबॉल आणि कुस्ती इथं पेठापेठांत, तालमीतालमीत आहे. फक्त झोनल सामन्यांच्या तारखा जिमखान्यात जाऊन स्वतः विचारा, कारण तिथनंच विद्यापीठाच्या टीमची वाट सुरू होते.

सगळ्यात लाजऱ्या पोरांसाठी माझ्याकडं एकच सल्ला आहे, भित्तीपत्रक. डिपार्टमेंटच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लागतं ते. एक विषय ठरतो, चारपाच जण लेख लिहितात, चांगल्या अक्षराचं कुणीतरी कार्डशीटवर उतरवतं, एखादी कडेनं वारलीची नक्षी काढते. बोलायला लागत नाही, पण तुमचं नाव आणि तुमचं लिहिलेलं सगळं डिपार्टमेंट जाता-येता वाचतं, आणि आठ दिवसांत कुणीतरी येऊन म्हणतंच, ते तू लिहिलंयस होय?

विद्यापीठाच्या गेटबाहेरचं शहरही सोडू नका. शाहू स्मारक भवनात व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं लागतात, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं चालू आहे, देवल क्लबला गाण्याच्या बैठका असतात. रविवारी केएमटीच्या सिटी बसनं जा, ऐका, रंकाळ्यावर चक्कर मारून या.

आता अडचणी, कारण त्या खऱ्या आहेत. सायन्सवाल्यांची प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात आणि तालमी तेव्हाच सुरू होतात. मी काय करायचे तर महिन्याचं टाइमटेबल ग्रुपला आधीच देऊन टाकायचे की ह्या दिवशी मी सातच्या आत येत नाही. गाईडना पण आधी सांगायचं, नंतर कारणं द्यायची नाहीत. महोत्सवाचे दिवस हजेरीत धरून घ्यायला पत्र लागतं, ते जायच्या आधी मागा, आल्यावर मागितलं तर फार फिरवतात. एसटीनं अप-डाउन करणाऱ्यांनी तालमीला शेवटच्या गाडीची वेळ पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी, कुणी रागवत नाही, उलट तुमचे सीन आधी घेतात.

मुलींना घरनं परवानगीचा प्रश्न असतोच. माझ्या घरी पप्पांना "नाटक" म्हटल्यावर काळजी वाटली होती आणि त्यांची काळजी मला कळत होती. मी मॅडमचा नंबर त्यांना दिला, मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं की तालीम कुठं आहे, किती वाजता संपते आणि हॉस्टेलच्या गेटपर्यंत कोण सोडतं. त्यानंतर विषयच संपला. घरच्यांपासनं लपवून काही करू नका, पण न विचारताच "आमच्यात चालत नाही" असंही स्वतःच ठरवू नका.

पैशाचं म्हणाल तर ह्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि ज्यांना घरनं पैसे येत नाहीत त्यांच्यासाठी कमवा आणि शिका योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ह्या भागात रुजवलेला विचार आहे तो, त्यात काम करणाऱ्या पोराला इथं कुणी कमी लेखत नाही. माझी रूममेट त्यात काम करायची, लायब्ररीत पुस्तकं लावता लावता तिला अख्खं खर्डेकर ग्रंथालय पाठ झालं होतं आणि आम्ही सगळ्या संदर्भ तिलाच विचारायचो.

विद्यार्थी संघटनांबद्दल विचारतात लोक. महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद आली. निवडणुका असोत नसोत, संघटना मात्र आहेत, सगळ्या विचारांच्या. सगळ्यांच्या सभांना जाऊन बसा, ऐका, त्यांचं वाचा, आणि किमान एक सेमिस्टर कुणाचं सभासदत्व घेऊ नका. फी वाढ, स्कॉलरशिप, बसची वेळ अशा प्रश्नावर सही मागितली तर निवेदन पूर्ण वाचून करा.

किती गोष्टी धरायच्या? माझं मत ठाम आहे, पहिल्या वर्षी एकच, आणि ती शेवटपर्यंत. चार ग्रुपमध्ये नाव घालून प्रत्येकात पाहुण्यासारखं जाणारे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. दुसऱ्या वर्षी वाटलं तर एक वाढवा. एमपीएससी करणाऱ्यांनी तर एनएसएस नक्की धरावं, मुलाखतीत बोलायला स्वतः बघितलेलं गाव असतं.

आणि सर्टिफिकेटं. प्रत्येक शिबिराचं, स्पर्धेचं, स्वयंसेवक म्हणून केलेल्या कामाचं पत्र त्याच महिन्यात मागून घ्या, नावाचं स्पेलिंग आणि जावक क्रमांक तिथंच तपासा, एक झेरॉक्स घरी ठेवा आणि मोबाईलवर स्कॅन करा. मार्चनंतर ऑफिसं परीक्षेच्या कामात असतात, तुमच्यासाठी जुनी फाईल काढायला कुणाला वेळ नसतो. जिल्हा महोत्सवाची नोटीस साधारण गणपतीच्या आसपास लागते, तेव्हा तोपर्यंत सरांना भेटून झालेलं असू दे.