पक्ष्यांसाठी परवडणारी टेलिफोटो झूम लेन्स घेताय? या चुका टाळा

पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेल्या माणसाची पहिली खंत बहुतेक वेळा एकच असते. खंड्या समोरच्या फांदीवर बसला, फोकस लागला, क्लिक झालं; घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर मधोमध एक निळा ठिपका. तिथून मोठ्या लेन्सचा शोध सुरू होतो आणि घाईत पैसे चुकीच्या जागी अडकतात तेही तिथेच.

महागड्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्स आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतात. पण २०१३ साली टॅमरॉनची १५०-६०० मिमी आली, २०१४ मध्ये सिग्माची, २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० मिमी, आणि एवढी लांब फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो जितका मोठा तितका पक्षी मोठा दिसतो) हौशी माणसाच्या हातात येऊ लागली. आता पर्याय इतके आहेत की गोंधळ व्हावा. माझा निकष एकच आहे: झूम पूर्ण ताणलेली, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं आणि उजेड जेमतेम, अशा वेळी लेन्स कशी वागते ते पाहायचं. पक्ष्यांच्या मागे फिरताना लेन्स बहुतेक वेळ याच अवस्थेत असते. खालच्या बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळेच होतात.

‘३०० मिमी पुरेल, बाकी क्रॉप करू’

थोडा हिशेब करून पाहू. चिमणी साधारण १५ सेंटिमीटरची. ती १० मीटरवर बसली असेल तर २५० मिमी लेन्समधून सेन्सरवर तिची प्रतिमा उमटते पावणेचार मिलिमीटरची. एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमच्या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान) सुमारे २३.५ मिमी रुंद असतो. म्हणजे चिमणीने फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम सहावा भाग व्यापला. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ९५० पिक्सेल झाले. तिथेच ४०० मिमी लावली तर दीड हजारांच्या आसपास, ६०० मिमी लावली तर सुमारे २३०० पिक्सेल.

हा झाला फक्त लांबीचा हिशेब. पिसांचा तपशील क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. ३०० वरून ६०० वर गेलात की त्याच पक्ष्यावर चौपट पिक्सेल खर्च होतात. क्रॉप करून (फोटो कापून) हे पिक्सेल परत येत नाहीत. आहेत तेच मोठे दिसतात. म्हणून किटबरोबर मिळणारी ५५-२५० किंवा ७०-३०० सवय करायला चांगली असली तरी छोट्या पक्ष्यांसाठी मी ४०० ही किमान पायरी धरतो.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही लागू पडतो. पक्षी २० मीटरवर गेला की वरचे सगळे आकडे निम्मे होतात. ६०० मिमी लेन्स २० मीटरवरून जे देते तेच ३०० मिमी १० मीटरवरून देते. एका जागी खाली बसून, हालचाल न करता अर्धा तास थांबलात तर अनेक पक्षी आपणहून जवळ येतात. मात्र पक्ष्याने खाणं थांबवलं, मान ताठ केली, इशाऱ्याचा आवाज काढला तर एक पाऊलही पुढे टाकू नका. आणि घरट्याजवळ तर मुळीच जाऊ नका, हातात कुठलीही लेन्स असो.

क्रॉप सेन्सरवर ४०० ची ६०० होते, असं सर्रास सांगितलं जातं. लेन्स ४०० च राहते. सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा तेवढीच पडते, फक्त भोवतालचा भाग कापला जातो. फायदा होतो तो पिक्सेल दाट असल्यामुळे: २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तेवढाच तुकडा कापला तर साधारण साडेदहा मेगापिक्सेल उरतात, एपीएस-सी मध्ये पूर्ण २४. म्हणून बजेट कमी असेल तर क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि बरी लेन्स ही जोडी फुल फ्रेमच्या हव्यासापेक्षा शहाणपणाची आहे.

अ‍ॅपर्चरचा पहिला आकडा वाचणं

लेन्सवर एफ/५-६.३ असं लिहिलेलं असतं आणि आपली नजर ५ वर थांबते. हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. सिग्माच्या १००-४०० मध्ये ते एफ/५ फक्त १०० मिमीच्या बाजूला मिळतं. ४०० ला एफ/६.३. कॅननची आरएफ १००-४०० तर लांबच्या टोकाला एफ/८ आहे, म्हणजे एफ/५.६ च्या निम्मा प्रकाश. त्याच कंपनीच्या ६०० आणि ८०० मिमी एफ/११ प्राइम लेन्सना (२०२०) एफ/५.६ च्या पाव प्रकाश मिळतो. एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर जे जमलं असतं, त्याला इथे ६४०० लागेल.

या लेन्स वाईट आहेत असं अजिबात नाही. भरदिवसा मोकळ्या पाणथळीवर त्या सुंदर काम देतात आणि त्यांचं हलकेपण खरोखर सुखावह आहे. दाट झाडीत, सूर्य वर यायच्या आत फोटो काढणाऱ्याने मात्र हा आकडा दोनदा वाचावा. ८०० मिमी एफ/११ साठी पक्षी निदान ६ मीटर दूर लागतो, त्याहून जवळ फोकसच होत नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं.

स्वस्त लेन्सचं अ‍ॅपर्चर लहान का, यामागे साधं गणित आहे. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की अ‍ॅपर्चरचा व्यास मिळतो. ६०० ला ६.३ ने भागा: ९५ मिमी. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीचा फिल्टर ९५ मिमीचा आहे तो याचमुळे. तीच लेन्स एफ/४ करायची तर पुढे १५० मिमीची काच लागेल. किंमत आणि वजन दोन्ही त्या काचेचं असतं. तेव्हा ‘स्वस्त, हलकी आणि भरपूर प्रकाश घेणारी ६०० मिमी’ शोधण्यात वेळ घालवू नका.

स्टॅबिलायझेशनवर सगळा भार टाकणं

स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप थांबवतं, पक्ष्याची हालचाल नाही. चिमणी डोकं वळवते ते १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडला सुद्धा धूसर येतं. बसलेल्या छोट्या पक्ष्यांसाठी मी १/१००० च्या खाली नाइलाजानेच जातो. उडणाऱ्यांसाठी १/२००० पासून सुरुवात करतो. त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू द्या. नॉइज (फोटोतले दाणे) सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निवळतो, हललेली पिसं कशानेच जुळत नाहीत.

यामुळे जुन्या लेन्सकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. कॅननची १९९३ ची ४०० मिमी एफ/५.६ झूम नाही आणि तिला स्टॅबिलायझेशनही नाही, पण साधारण सव्वा किलोची ही लेन्स उडत्या पक्ष्यांसाठी आजही हवीशी वाटते. सेकंडहँड मिळाली तर जरूर विचार करा.

वजन फक्त कागदावर वाचणं

सिग्मा १५०-६०० दोन प्रकारांत आली: कंटेम्पररी १९३० ग्रॅम, स्पोर्ट्स २८६० ग्रॅम. रेंज तीच, फरक जवळजवळ एका किलोचा. कॅननची आरएफ १००-४०० आहे ६३५ ग्रॅम. माझ्याकडची पहिली मोठी लेन्स दोन किलोंच्या वर होती. सुरुवातीचा उत्साह ओसरला तसा मी लांब चालायच्या दिवशी ती घरी ठेवू लागलो, आणि नेमके त्याच वाटांवर चांगले पक्षी दिसायचे. म्हणून सांगतो, घेण्याआधी तेवढ्या वजनाचं काहीतरी हातात धरून डोळ्यांच्या उंचीवर पाच मिनिटं स्थिर ठेवून पाहा. चालत भटकणार असाल तर १००-४००. लपणात किंवा गाडीत बसून फोटो काढणार असाल तर १५०-६०० किंवा २००-६००. यात मला फारशी शंका वाटत नाही.

झूम करताना लेन्स लांब होते की नाही हेही बघा. सोनीची २००-६०० आतल्या आत झूम होते, त्यामुळे तोल बदलत नाही आणि मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) फार सोयीचं होतं.

माउंट बसलं म्हणजे लेन्स चालेल, हा समज

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तो जोड. इथे सर्वाधिक फसगत निकॉनचे जुने डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) वापरणाऱ्यांची होते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. २००-५०० मिमीचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, ते डी९० सारख्या जुन्या कॅमेऱ्याला हाताळता येत नाही. नव्या प्रकारची मोटर असलेल्या एएफ-पी लेन्सही काही जुन्या कॅमेऱ्यांवर फोकस करत नाहीत. कॅननचं सोपं आहे: डीएसएलआरसाठीची ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ, म्हणजे मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर चालते, उलट दिशेने नाही. तुमच्या नेमक्या मॉडेलचं नाव कंपनीच्या सुसंगततेच्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

टेलिकन्व्हर्टरने काम भागवणं

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, फोकल लेंग्थ वाढवणारी जोडकाच. १.४ पट कन्व्हर्टर निम्मा प्रकाश खातो. एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते आणि बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो, कारण त्यांची फोकस प्रणाली एफ/५.६ किंवा फार तर एफ/८ पर्यंतच्या प्रकाशासाठी बनलेली असते. मिररलेसवर फोकस होतो, पण झूम लेन्सची टोकाची धार आणखी बोथट होते. परवडणाऱ्या झूमवर कन्व्हर्टर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. लेन्सच्या पुढे फिरवून बसवायचे स्वस्त कन्व्हर्टर तर नकोतच.

सेकंडहँड घेताना वरवर पाहणं

बाहेरचे ओरखडे फारसे महत्त्वाचे नाहीत. मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहा. दिसली तर लेन्स परत ठेवा. झूम रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मध्ये अडकता कामा नये. मग लांबच्या टोकाला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, दूरच्या एखाद्या झाडाच्या सालीचे किंवा विटांच्या भिंतीचे फोटो काढा आणि तिथेच शंभर टक्के मोठे करून चारही कोपरे पाहा. एक बाजू सतत धूसर येत असेल तर आतली काच सरकलेली आहे.

लेन्स घेतली, पण फोटो सॉफ्ट येतात

लेन्सला दोष देण्याआधी घरची चाचणी करा. दहा-पंधरा मीटरवर बारीक छपाईचा कागद लावा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, टायमर २ सेकंदांचा. दर वेळी नव्याने फोकस करत दहा फोटो घ्या. डीएसएलआर असेल तर पाच व्ह्यूफाइंडरमधून, पाच लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर पाहून).

लाइव्ह व्ह्यूचे फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे धूसर आले तर फोकस पुढे-मागे पडतोय. कॅमेऱ्यात एएफ फाइन ट्यूनची (फोकस किंचित पुढे-मागे सरकवण्याची) सोय असेल तर ती वापरा. डीएसएलआरच्या पिढीतल्या बऱ्याच सिग्मा लेन्स यूएसबी डॉकने आणि टॅमरॉनच्या जी२ लेन्स टॅप-इन कन्सोलने (दोन्ही लेन्स संगणकाला जोडायची उपकरणं) घरीच दुरुस्त होतात. फर्मवेअरही (लेन्समधलं सॉफ्टवेअर) त्यातूनच अपडेट होतं. दहाही फोटो धूसर असतील तर एफ/८ वर पुन्हा घेऊन पाहा. तिथे सुधारले तर ती लेन्सची मर्यादा आहे. उजेड असेल तेव्हा एफ/८ वापरा. पुढे स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर काढून तोच फोटो परत घ्या. लांब फोकल लेंग्थवर त्या काचेचा परिणाम लगेच दिसतो.

दहाही शार्प आले तर लेन्स ठणठणीत आहे, अडचण बाहेर आहे. भर उन्हात पाण्यावरून किंवा तापलेल्या जमिनीवरून फोटो काढताना हवा थरथरते. एकाच बर्स्टमधल्या (सलग झपाट्याने घेतलेल्या फोटोंतल्या) काही फ्रेम बऱ्या, काही वितळल्यासारख्या, हे तिचं लक्षण. तिला कुठलीच लेन्स उत्तर देऊ शकत नाही; सकाळी लवकर या किंवा जवळच्या पक्ष्याकडे वळा. बंद गाडीच्या खिडकीतून बाहेर येणारी गरम किंवा गार हवाही हेच करते, म्हणून काचा खाली करून आतली हवा आधी बाहेरच्यासारखी होऊ द्या.

फोकस मागे-पुढे घसरत राहत असेल तर लेन्सवरचा फोकस लिमिटर लावा, म्हणजे ती जवळच्या अंतरांत शोधाशोध करत नाही. फांद्यांच्या गर्दीत मोठा फोकस एरिया फांदीच पकडतो. एकच छोटा पॉइंट पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. आणि उडत्या पक्ष्याला आधी झूम थोडी मागे घेऊन फ्रेममध्ये पकडा, मग पुढे जा. झूमचे मधले आकडे मला खरे उपयोगी पडतात ते इथे.