हँडब्रेक धरत नव्हता, शेवटी असा बसला (माझा अनुभव)

आमची जुनी पिकअप, कांदा भरून कसारा घाटात कडेला लावली, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी गाडी हळूच मागे सरकायला लागली. क्लीनर पोराने पळत जाऊन चाकाखाली दगड घातला म्हणून वाचलो, काळजात धस्स झालं खरंच.

नाशिकला आल्यावर आडगाव नाक्याजवळच्या एका मिस्त्रींना दाखवली तर त्यांनी नुसती केबल आवळून दिली, दोन दिवसांत परत तेच. मग घरीच पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावले, मागची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड दिले, लिव्हर ओढला तर डावं चाक जाम आणि उजवं हाताने आरामात फिरतंय! उजवी केबल काढली, तर वरचं कव्हर फाटलेलं, आत पाणी जाऊन तार तांबडी गंजलेली. ड्रम (चाकातलं ब्रेकचं गोल भांडं) खोलला तर आतला लिव्हरपण पिनवर जाम आणि शूचे (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग) लायनर, म्हणजे वरचा घासणारा थर, झिजून अगदी रिव्हेटला टेकलेले.

दोन्ही केबल आणि दोन्हीकडचे ब्रेक शू नवीन टाकले. आणि हो, आधी ड्रममधले शू ॲडजस्ट करायचे, केबल नंतर, उलटं केलं की ब्रेक घासत राहतो आणि ड्रम तापतो. आता लिव्हर ओढताना सहाव्या 'टक' आवाजालाच गाडी उतारावर भरलेली उभी राहते. तरी दगड मी अजून लावतोच.