नवजात बाळाच्या टाचेची रक्तचाचणी: पालकांनी काय पाहावे, केव्हा विचारावे

जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेले बाळ पहिल्या काही आठवड्यांत बहुधा अगदी निरोगी दिसते. ते फार रडत नाही, पुष्कळ झोपते, अंगावर पिताना मध्येच डोळे मिटते, आणि घरातली मोठी माणसे कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणं बाळ आहे!’ लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता किंवा बेंबीचा फुगवटा लक्षात येईपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता ही चाचणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

भारतात बऱ्याच ठिकाणी ही चाचणी आपोआप होत नाही, त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यातच प्रसूतिगृहात विचारून ठेवावे: नमुना कोण घेणार, चाचणीत कोणकोणते आजार पाहिले जाणार आणि अहवाल किती दिवसांत मिळणार. यादी लहान असली, तरी तीत थायरॉइड असलेच पाहिजे, कारण हा दोष साधारण हजार बाळांमागे एकात आढळतो आणि त्यावरचे औषध स्वस्त असते.

नमुना जन्मानंतर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेणे उत्तम. थायरॉइडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक या दोषात वाढलेले दिसते, पण जन्मताच ते प्रत्येक बाळाच्या शरीरात एकदम वाढते, त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेला नमुना विनाकारण घाबरवू शकतो. उलट फिनाइलकीटोन्युरियासारखा (प्रथिनांतला एक घटक शरीरात न मोडता साठत जाण्याचा) दोष बाळाच्या पोटात पुरेसे दूध गेल्यावरच रक्तात नीट उमटतो. लवकर घरी सोडत असतील, तर निघण्यापूर्वी नमुना द्यावा आणि तो पुन्हा केव्हा द्यायचा हेही विचारून घ्यावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा नमुना काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावा लागतो, आणि बाळाला रक्त चढवायचे असल्यास नमुना त्याआधीच घेतलेला बरा.

टोचण्यापूर्वी टाच कोमट कापडाने शेकतात. टाचेच्या मागच्या गोलाईवर किंवा मधोमध नव्हे, तर टाचेच्या तळव्याकडच्या बाजूला, कडेला टोचतात, कारण मागे आणि मधोमध हाड जवळ असते. पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचा मोठा थेंब जाड गाळणकागदावरच्या वर्तुळाला अलगद टेकवतात. रक्त एकाच बाजूने शोषले जाऊन मागपर्यंत उतरले पाहिजे. अर्धवट भरलेले किंवा थेंबावर थेंब चढवलेले वर्तुळ प्रयोगशाळेत बाद होते. कागद सावलीत, आडवा ठेवून तीन-चार तास वाळवतात. या वेळी बाळाला छातीशी धरून पाजत राहिल्यास त्याचे दुखणे खरोखरच कमी होते. कागदावर वाळलेल्या रक्ताची ही पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळवली, आणि जगभर आजही तीच वापरतात.

अहवाल आला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे कधीही समजू नये. आठवडाभरात स्वतः फोन करून तो मागवावा. त्यात दोष दिसला, तरी ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. शिरेतून रक्त घेऊन खात्री करावी लागते, पण ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी, कारण उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास बाळाची बौद्धिक वाढ बहुतांशी इतर मुलांसारखीच होते.

याच चाचणीत जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता निघाली, तर घरच्यांनी पेटीतली जुनी दुपटी आधी तपासावीत. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, म्हणून असे कपडे बाळाच्या अंगाला लावूच नयेत.

थायरॉइडची गोळी रोज ठरलेल्या वेळी, चमच्यात चुरून, थोड्याशा आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून लगेच पाजावी. दुधाच्या भरल्या बाटलीत टाकू नये, कारण बाळाने बाटली संपवली नाही तर मात्राही अपुरी पडते. लोह किंवा कॅल्शियमचे औषध चालू असल्यास दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. बाळ गुटगुटीत दिसू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती थांबवून पाहायची की नाही, हे डॉक्टर साधारणपणे तीन वर्षांनंतर ठरवतात.